कुत्र्याचे वजन हळदीच्या काट्यावर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवाविषयी या स्तंभात नेहमी पत्रे येतात आणि ती यायलाच हवीत. माझे पत्र मात्र घरात सांभाळलेल्या आणि प्रेमापोटी अतोनात खाऊ घातलेल्या कुत्र्यांविषयी आहे. विश्रामबाग परिसरात सकाळी फिरायला निघालो की अशी चार-पाच तरी भेटतात. त्यांच्या पाठीचा पाट झालेला असतो, गळ्यातला पट्टा मानेच्या वळीत रुतलेला असतो आणि मालक कौतुकाने सांगतात, ‘खाऊन-पिऊन सुखी आहे.’ गेल्या वर्षीपर्यंत त्या मालकांत मीही होतो.

आमची चिंगी ही सात वर्षांची, निर्बीजीकरण झालेली लॅब्राडॉर कुत्री. जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसू लागली, तेव्हा तिला पशुवैद्यकांकडे नेले. त्यांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि मग माझाच हात धरून तिथे ठेवला. बरगड्या पातळ कापडाखाली असाव्यात तशा बोटांना सहज लागायला हव्यात, वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी आणि बाजूने पाहिल्यावर पोट मागच्या पायांकडे वर चढत जायला हवे, अशी त्यांची साधी कसोटी होती. चिंगी तिन्हींत नापास झाली. वजन करावे म्हटले, तर दवाखान्यात मोठ्या कुत्र्याला उभे करता येईल असा काटाच नव्हता. शेवटी मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या अडत्याकडे हळदीची पोती तोलण्याच्या काट्यावर तिला चढवले. हमाल हसत होते, चिंगी फटीत अडकलेले हळकुंड हुंगत होती आणि आकडा आला ३८ किलो. डॉक्टरांच्या मते तिच्या हाडापेराला ३० किलो पुरे होते.

थायरॉइड ग्रंथीच्या विकारानेही कुत्र्याचे वजन वाढू शकते, म्हणून आधी रक्ततपासणी झाली आणि ती निर्दोष निघाली. निर्बीजीकरणानंतर शरीराची अन्नाची गरज घटते, भूक मात्र घटत नाही, हे आम्हाला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते, की सांगितले असून आम्ही ऐकले नव्हते, कोण जाणे. लॅब्राडॉरच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, या जातीच्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ इतरांपेक्षा जास्त असते. ताटाशेजारी बसून लाळ गाळणारी चिंगी उपाशी आहे, असे आम्ही सात वर्षे समजत आलो.

मी बँकेत ३४ वर्षे खाती जुळवण्यात घालवली असल्यामुळे तिचेही खाते मांडले. आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने तिला जे दिले ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचे, असे ठरले. पिशवीतले कोरडे खाद्य दिवसाला ३०० ग्रॅम, म्हणजे पिशवीवरच्या आकड्याप्रमाणे १,०५० कॅलरी. एवढेच आपण देतो, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात सकाळी पाव लिटर म्हशीचे दूध, त्याचे अडीचशेच्या आसपास. माझ्या चहाबरोबरची ग्लुकोजची बिस्किटे, एकेकाला जेमतेम वीस-बावीस कॅलरी, पण दिवसभरात दहा. रात्रीची उरलेली एक भाकरी, तिचे दोनशे. बेरीज १,७०० वर गेली. बिस्किटांचा रकाना सर्वस्वी माझ्या नावावर निघाला, हेही नमूद करतो.

डॉक्टरांनी मग जे गणित मांडले ते वर्गमूळाचे बटण असलेल्या साध्या कॅल्क्युलेटरवर कोणालाही करता येते. कुत्र्याचे आजचे वजन न घेता जेवढे व्हायला हवे तेवढे वजन किलोत घ्यायचे, त्याचा घन करायचा, त्याचे दोनदा वर्गमूळ काढायचे आणि येईल त्या संख्येला ७० ने गुणायचे. ३० चा घन २७,०००. त्याचे वर्गमूळ १६४, त्याचेही वर्गमूळ काढले की १२.८ आणि ७० ने गुणले की सुमारे ९०० कॅलरी. ३० किलोच्या शरीराला नुसत्या विश्रांतीत लागणारी ही ऊर्जा असून वजन उतरवताना साधारण तिथूनच सुरुवात करतात आणि दर पंधरवड्याचे वजन पाहून आकडा पुढेमागे करतात. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे चिंगीच्या बाबतीत ४०० ते ७५० ग्रॅम, एवढी घट योग्य मानली जाते. त्याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

इथे एक चूक सर्रास होते आणि आमच्याही हातून ती होणार होती. नेहमीचेच खाद्य निम्मे केले की काम झाले, असे वाटते. पण खाद्य निम्मे झाले की त्यातली प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वेही निम्मी होतात. म्हणून वजन उतरवण्यासाठीच्या खाद्यात कॅलरी कमी, पण प्रथिने आणि तंतू जास्त ठेवलेले असतात. आम्ही आणलेल्या खाद्यात १०० ग्रॅमला ३०० कॅलरी आहेत, त्यामुळे दिवसाचे ३०० ग्रॅम पूर्वीइतकेच राहिले. ते मापाच्या वाटीने घ्यायचे नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे, कारण वाटी कधी सपाट भरते, कधी शीग लावून. वरून वाफवलेली फरसबी, गाजर किंवा दुधी घालतो, त्याने पोट भरल्यासारखे होते. घरचेच शिजवून घालणाऱ्यांनी भाकरी-दूध कमी करून अंडे किंवा साल काढलेले चिकन जरूर वाढवावे, परंतु नुसत्या मांसात कॅल्शियम फार थोडे असते, म्हणून प्रमाण डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. पिल्ले, गाभण आणि पाजत्या कुत्र्या यांच्यावर हा प्रयोग करू नये.

खाऊच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला एक सूचना अधिक लागू आहे. तासगाव-सांगलीकडच्या घरात बेदाण्याचा डबा नाही असे सहसा होत नाही आणि ‘बिस्किटापेक्षा बेदाणा बरा’ म्हणून तो कुत्र्याला देणारे मी पाहिले आहेत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्यांचा एकही दाणा देऊ नये. भडंगातला लसूण आणि भाजीतला कांदाही त्यांच्या रक्ताला अपायकारक असतो.

खरी अडचण घराबाहेरच्या हातांची आली. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, औदुंबर आणि नरसोबावाडी आपल्या जवळची, त्यामुळे गुरुवारी कुत्र्याला घास घालणे आमच्या गल्लीत पुण्याचे मानतात आणि पितृपक्षात तर श्राद्धाच्या पानातला घास चार घरांतून येतो. ही श्रद्धा मला मोडायची नव्हती आणि ते माझे कामही नाही. दिवसाच्या ३०० ग्रॅमपैकी ३० ग्रॅम एका डब्यात काढून तो फाटकाशी ठेवायचा आणि ज्यांना चिंगीला काही द्यावेसे वाटेल त्यांनी त्यातलेच द्यायचे, असा तोडगा आम्ही काढला. वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, हा नियमही त्यात आपोआप पाळला जातो. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘तुमचंच तुम्हाला दिल्यावर पुण्य कुणाला?’ दुसऱ्या आठवड्यापासून डबा रिकामा झाल्याची वर्दी त्याच देऊ लागल्या.

व्यायाम म्हणून सकाळी सहाच्या आत दोन किलोमीटर चालतो. पोहण्याने सांध्यांवर भार पडत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते; परंतु आपल्या कृष्णेत मगरी असल्यामुळे तो सल्ला मी अमलात आणला नाही.

सात महिन्यांनी, त्याच अडत्याच्या काट्यावर, चिंगी ३१ किलो ४०० ग्रॅम भरली. गती पुस्तकी हिशेबापेक्षा कमीच होती. गणपतीच्या दिवसांत तर वजन ६०० ग्रॅमने वाढले होते आणि मोदक कोणी दिला हे अजून कोणी कबूल केलेले नाही. पण ती जिना न थांबता चढते. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते: जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेली कुत्री सुमारे १.८ वर्षे अधिक जगली आणि त्यांना सांधेदुखीची औषधेही उशिरा लागली. हा आकडा मी कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहून ठेवला आहे, मुख्यतः स्वतःसाठी.

पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती एवढीच आहे की, जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जमिनीलगतचा एक साधा काटा बसवावा आणि केस पेपर न काढताही कोणालाही आपले कुत्रे त्यावर उभे करू द्यावे. औषधाची मात्रासुद्धा वजनावरच ठरते, म्हणजे त्या काट्याचा उपयोग केवळ लठ्ठ कुत्र्यांपुरता राहणार नाही. तोपर्यंत ज्या अडत्याने आमच्यासाठी दर पंधरवड्याला पोती बाजूला सारली, त्याचे येथे आभार मानतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली