टोपणनाव की बिरुद?

महोदय,

युरोपातल्या राजांची ‘टकला चार्ल्स’, ‘तोतरा लुई’ अशी नावे वाचून हसू येते. त्यातली सगळीच समकालीन नाहीत. बरीचशी पुढच्या लेखकांनी मागाहून चिकटवली आहेत. पण टोपणनाव म्हणजे टिंगलच, हा समज मात्र चुकीचा.

फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात राजाला ‘डेव्हिड’ (बायबलमधला राजा) आणि विद्वान अल्क्विनला ‘फ्लॅकस’ (रोमन कवी होरेसचे नाव) म्हणत. ज्याला असे नाव मिळाले, तो आतल्या गोटातला. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालच्या मठातला भिक्षू नोटकर तर स्वतःलाच ‘तोतरा आणि बोळका’ म्हणवतो. (मठात नम्रता मिरवायची हीही एक रीत असावी, अशी मला शंका आहे!) बसऱ्याच्या अम्र इब्न बहर या अरबी लेखकाचे डोळे बटबटीत, म्हणून तो ‘अल-जाहिझ’ झाला. आज त्याचे खरे नाव कोणाला आठवते?

त्याच नवव्या शतकात आपल्याकडे काय होते? टकला चार्ल्स (राज्यकाळ इ.स. ८४३ ते ८७७) आणि राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष हे समकालीन. ‘अमोघवर्ष’ हे बिरुद. मूळ नाव शर्व. व्यंगाचा मागमूस नाही, अमोघ वर्षावाचाच थाट. पण हे नाव ताम्रपटांतले. गावच्या पारावर त्याला काय म्हणत असतील, ते ताम्रपटात कोण कोरणार? राष्ट्रकूट राजांच्या ‘वल्लभराज’ या बिरुदाचे अरबांनी ‘बल्हरा’ केले, तेवढेच काय ते दरबाराबाहेरचे रूप आपल्या हाती लागते.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा