खडी धुवायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाशिकमधल्या मखमलाबादकडच्या आमच्या ४० घरांच्या वसाहतीतर्फे हे पत्र लिहीत आहे. आपल्याला गाजावाजा आवडत नाही, म्हणून आपले नाव घालत नाही.

वसाहत बांधणाऱ्याने बसवून दिलेला, ब्लोअरने हवा फुंकून सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प (एसटीपी) विजेच्या बिलापायी बंद पडला होता, सांडपाणी मागच्या नाल्यात उघडे वाहत होते आणि तेच पुढे गोदावरीला मिळते हे ठाऊक असूनही आम्ही खिडक्या लावून घेण्यापलीकडे काही करत नव्हतो. पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेले आपण एका रविवारी आलात आणि आधी माणसे मोजलीत: १६० माणसे, माणशी १३५ लिटर, त्यातले ८० टक्के सांडपाणी, म्हणजे रोजचे सुमारे १७ हजार लिटर. "जमिनीला उतार आहे, मोटर कशाला हवी?" असे आपण विचारलेत.

मग मोटरीशिवाय, उतारानेच पाणी वाहील अशी एक टाकी आणि तिच्या पुढे झाडे लावायचा खडीचा वाफा आपण बांधून घेतलात. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी खडीच्या वाफ्यात जाते. तिथे खडीवर धरलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर उरलेली घाण खातो, हे आपण लहान मुलांनाही समजावलेत. पाणी खडीच्या आतच राहते, त्यामुळे डास होत नाहीत, हे मोठ्यांना पटायला मात्र एक पावसाळा जावा लागला. तळाला द्राक्षवाले शेततळ्यात अंथरतात तोच जाड प्लास्टिकचा कागद घालायचे आपणच सुचवलेत.

सर्वांत जास्त आठवते ती खडी. क्रशरवरून आलेल्या खडीची मूठ आपण स्वतःच्या पांढऱ्या रुमालात चोळलीत, राखाडी डाग सर्वांना दाखवलात आणि ही भुकटी वाफा बुजवील म्हणून प्रत्येक गाडी धुवून घेतलीत. तेव्हा आम्ही कुरकुर केली, याची आज मनापासून खंत वाटते. कर्दळ लावल्यावर बाहेरच्या पाइपचा एल्बो (वाकडा जोड) थोडा थोडा खाली फिरवून वाफ्यातले पाणी उतरवत, मुळांना पाण्यामागे खोल जायला लावणारेही आपणच.

वाफ्यातून बाहेर पडणारे पाणी झाडांना घालतो, त्यामुळे या मे महिन्यात त्यांच्यासाठी एकही टँकर मागवावा लागला नाही. कोथिंबीर-मेथीला हे पाणी घालायचे नाही, हे आपले बजावणे आम्ही पाळतो. दिवाळीनंतर टाकीतला गाळ उपसायचा आहे. त्या दिवशी आपण यावे, ही विनंती. दाट झालेल्या कर्दळीचे कंद आपल्या अंगणासाठी गोणीत भरून ठेवले आहेत.

आपले ऋणी,
वसाहतीतील सर्व रहिवासी