जुन्या कचरा डेपोचे मैदान करायचे आहे : गावकऱ्यांना आणि बाहेरगावच्या मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

वेशीबाहेरची चिऱ्यांची जुनी खाण सर्वांच्या ओळखीची आहे. दगड काढणे थांबले आणि तिथे कचरा पडू लागला. आधी गल्लीतला केर, मग लग्नकार्यातले थर्माकोल, फाटकी ताडपत्री, पाडलेल्या घरांचा राडारोडा. कुणी परवानगी दिली नाही, कुणी अडवलेही नाही. घंटागाडी सुरू झाल्यापासून नवा कचरा पडायचा थांबला आहे. तिथे पोरांसाठी मैदान आणि वडीलधाऱ्यांसाठी फिरायची वाट करावी, असे ग्रामसभेत ठरले आहे.

बाकडी आणि खेळणी द्यायला बरेच जण पुढे आले, त्यांचे मनापासून आभार. पण आधी पैसा लागणार आहे तो जमिनीखालच्या कामाला, आणि त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागणार नाही.

खानापूर भागातला आपला जांभा दगड सच्छिद्र. पावसात कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी त्यातून खालच्या शिवारात उतरते. जूनमध्ये खालच्या बांधाला तेलकट तवंग येतो, त्या पाण्याला जनावरे तोंड लावत नाहीत. शिवाय कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. त्यामुळे चार ट्रॉल्या माती पसरून गोलपोस्ट उभे करायचे, हा मार्ग आम्हाला मान्य नाही. खालचा कचरा वर्षानुवर्षे खचत राहतो, तोवर वर शेडही बांधता येणार नाही.

आधी विहिरींचे पाणी आणि खाणीतला वायू तपासून घ्यायचा. मग वरचा कचरा उकरून, चाळून प्लॅस्टिक वेगळे काढायचे. जे निघणार नाही ते झाकायचे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत त्याची रीत दिली होती : ६० सेंटिमीटर पाणी न झिरपणारी माती, त्यावर १५ सेंटिमीटर निचऱ्याचा थर, त्यावर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटिमीटर माती. वायू बाहेर पडायला पाइप हवेत, आणि पुढे १५ वर्षे देखरेख. चाळून निघालेल्या मातीत जड धातू असू शकतात. तपासणीशिवाय कुणीही ती परसबागेत नेऊ नये, ही कळकळीची विनंती.

तांबडी माती वरच्या थराला चालेल, खालच्या थराला कुंभारमातीच हवी. वीटभट्टीवाल्यांनी आणि तळ्यातला गाळ काढणाऱ्यांनी तेवढी मदत करावी. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर किंवा जेसीबी आहे त्यांनी सुगी आटोपल्यावर एक-एक दिवस द्यावा. पुणे, मुंबई, गोव्यात नोकरीला असलेल्यांनी तपासणी आणि पाइपांच्या खर्चासाठी जमेल तेवढी देणगी पाठवावी. कुणाला माती परीक्षणाची किंवा स्थापत्याची माहिती असेल तर ती देणगीइतकीच मोलाची. लहान मुलांना श्रमदानाला आणू नये. मोठ्यांनी बूट, हातमोजे घालूनच यावे.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल. जमाखर्च दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर लावला जाईल. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता देवळात बैठक आहे. खालच्या शिवारातल्या विहीरमालकांनी तर अवश्य यावे, तपासणीसाठी पाण्याचे नमुने त्याच दिवशी घ्यायचे आहेत.

आपले,
पंच मंडळी, युवक मंडळ व महिला मंडळ