बॅटमनच्या लेखावर जळकी कवटी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला भुताखेतांच्या कॉमिक्सवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. बॅटमनच्या ‘गॉथिक’ने बालमनावर वाईट संस्कार होतात म्हणे! लेखकमहाशयांनी पानं तरी चाळली होती का? १९९० सालची, ग्रँट मॉरिसनने लिहिलेली, क्लाउस जॅन्सनने चितारलेली ही गोष्ट. ख्रिस्ती मठातला एक साधू सैतानाला आत्मा विकून तीनशे वर्षांचं आयुष्य पदरात पाडून घेतो आणि पोरांचे जीव घेत सुटतो. बॅटमनच्या गॉथम शहरातल्या गुंडांनी त्याला पूर्वीच संपवलेला असतो, तरी तो परततो आणि त्यांनाच एकेक करून मारू लागतो. घाबरलेले गुंड मदत मागतात कुणाकडे, तर बॅटमनकडे! ही गंमत लेखात औषधालाही नाही. ही पोरांची गोष्टच नव्हे, मग संस्कार कसले?

पण लेखकाला तरी काय बोलावं. आमच्या इथल्या एका वाचनालयात कुणीतरी दिलेलं हेच पुस्तक मी काउंटरवर मागितलं. बाई म्हणाल्या, “काका, ते बालविभागातलं. तुमच्या कार्डावर नाही मिळायचं, नातवाला पाठवा.” नातू दुसरीत आहे! म्हणजे तो खुनी साधूच हेडमास्तर होऊन बसलेली गोष्ट दुसरीतल्या पोराने घरी न्यायची आणि निवृत्त माणसाने हात हलवत परत यायचं. मी आत डोकावून बघा म्हटलं, तर “चित्रं आहेत ना काका?” झालं! चित्रं दिसली की बालवाङ्मय. मग नियमावली दाखवली. तीत कॉमिक्सचा उल्लेखच नाही, पण बाई ठाम.

राहता राहिला लेखातला ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ हा मुद्दा. सांगलीकरांना हे ऐकवता? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक इथेच केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस अललडुर्र करत रंगभूमीवर यायचे आणि लोक ते बघायला गर्दी करायचे. आमच्या पिढीने चांदोबात प्रेत खांद्यावर टाकून चाललेला विक्रम राजा दर महिन्याला पाहिला. आमचं काय बिघडलं?

शिवाय लेख बॅटमनवर आणि सोबतचं चित्र मात्र घोस्ट रायडरचं! एक डीसी कंपनीचा, दुसरा तिच्या प्रतिस्पर्धी मार्व्हलचा. मोटारसायकलवरची जळती कवटी बॅटमन नव्हे, हे दुसरीतल्या नातवानेसुद्धा सांगितलं असतं. पुरवणीवर शेवटचा हात कोण फिरवतं?

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरं कोड्याच्याच खाली छापू नयेत ही विनंती. त्यापेक्षा कोडंच छापू नका.

आपला,
एक जुना वाचक
विश्रामबाग, सांगली