बद्द आवाजाचे गणितही मागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या इमारतीला तीस वर्षे झाल्याने नुकतेच स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतले. हाती आलेल्या अहवालात रिबाउंड हॅमरच्या आकड्यांखेरीज फारसे काही नव्हते. हा हातोडा पृष्ठभागाचा कठीणपणा तेवढा सांगतो. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनमुळे (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी होणाऱ्या क्रियेमुळे) उलट अधिक कठीण झालेला असतो, त्यामुळे आकडा चांगला दिसतो आणि आतला सुटलेला थर लपून राहतो.

गवंडी फरशीवर ठोकून ‘बद्द वाजते’ म्हणतो, त्याच अनुभवाला 1980 च्या दशकात अमेरिकेत इम्पॅक्ट-एको चाचणीचे शास्त्रीय रूप मिळाले. लहान पोलादी गोळीच्या ठोक्याने उठलेली लहर आतल्या आत सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते, म्हणजे तिची वारंवारता, तीत मोजतात. 200 मिलिमीटर जाडीच्या निर्दोष स्लॅबमध्ये, लहरीचा वेग सेकंदाला 4000 मीटर धरल्यास, सुमारे 9600 हर्ट्झ वारंवारता मिळते. थर मधोमध सुटला असेल तर ती 19200 च्या आसपास जाते. (सोलापूरच्या पूर्वभागातल्या यंत्रमागांची थरथर याच्या तुलनेत इतकी मंद असते, की ती सहज गाळता येते.)

मात्र जाडीवरून वारंवारता काढण्याचे हे सोपे सूत्र लांबी-रुंदी जाडीच्या किमान सहापट असेल तिथेच लागू पडते. खांब आणि तुळयांमध्ये कडांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात, वारंवारतेच्या आलेखात अनेक शिखरे उमटतात आणि त्यांतले दोषाचे कोणते, हे नुसत्या अनुभवावर ठरवणे धोक्याचे ठरते. म्हणून त्या भागाचे संगणकीय प्रारूप आधी करून, निर्दोष आणि सदोष अशा दोन्ही स्थितींत आभासी ठोका देऊन पाहावा लागतो. गोळी किती मोठी घ्यायची हेही त्यातूनच कळते, कारण 10 मिलिमीटरची गोळी साधारण 29000 हर्ट्झपर्यंतच उपयोगी पडते, तर 50 मिलिमीटर खोलीवरचा दोष 38000 च्या पुढे बोलतो. चुकीच्या गोळीने केलेल्या चाचणीत दोष सापडला नाही, म्हणजे दोष नाही असे होत नाही.

तेव्हा महापालिकेने ऑडिटच्या अहवालात, जिथे ही चाचणी केली असेल तिथे, गोळीचा व्यास, लहरीचा गृहीत वेग आणि प्रारूपाचे आलेख जोडणे बंधनकारक करावे. हे प्रारूप करण्याचे काम शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना देता येईल. खर्च वाढेल, हे मान्य. पण सुरुवात सगळ्या इमारतींपासून नव्हे, तर पाण्याच्या उंच टाक्या आणि गळक्या गच्च्यांपासून करता येईल.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
होटगी रोड, सोलापूर