दांडिया बाजारातल्या फोटोवाल्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

लघुपटाचं संकलन संपलं. श्रेयनामावलीत तुमचं नाव घालायला तुम्ही ठाम नकार दिलात, म्हणून हे आभार नाव न घेता, पण सगळ्यांसमोर मांडते आहे. बडोद्यात ज्यांच्या घरच्या मुंजी-लग्नांचे फोटो तुम्ही काढलेत, ते ओळखतीलच.

गोष्ट साधी होती. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून अबोला धरलेले दोन भाऊ आणि मध्ये आई. संहिता वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "हे दोघं जेवायला कुठं बसतात?" त्या प्रश्नातून सगळ्या चित्रीकरणाला आकार आला. कॅमेरा माजघराच्या कोपऱ्यात गेला, एक भाऊ दाराच्या अलीकडे, दुसरा पलीकडे स्वयंपाकघरात. दोघं एकाच चौकटीत, तरी मध्ये उभी चौकट दाराची. आई वाढायला म्हणून ती ओलांडत राहते. भांडणाचे संवाद त्या दिवशीच काढून टाकले; त्यांचं काम दारानं केलं होतं.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते खांद्याचं. दोन माणसं बोलत असताना एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा घेतला, की ऐकणाऱ्याचा खांदा, कानाची कड चौकटीत राहते आणि दोघं एकमेकांशी जोडलेले आहेत हे प्रेक्षकाला आपोआप कळतं. तोच चेहरा एकटा, क्लीन घेतला, की माणूस तुटतो. हे पुस्तकात मिळेल. पण कोणता खांदा कधी काढून घ्यायचा, हे तुम्ही शिकवलंत. सुरुवातीला दोन्ही भावांच्या शॉटमध्ये समोरच्याचा खांदा ठेवला. वाटणीचा विषय निघताच थोरल्याच्या शॉटमधून धाकटा गेला, पण धाकट्याच्या शॉटमध्ये थोरल्याचा खांदा तसाच राहू दिला. कोण आधी तुटलं आणि कोण अजून धरून आहे, हे त्या अर्धवट खांद्यानं सांगितलं. पाहणाऱ्यांपैकी कुणी ते बोलून दाखवलं नाही, पण धाकट्याची बाजू बहुतेकांनी घेतली.

लेन्सचं गणितही तुमचंच. कॅमेरा लांब नेऊन टेले लेन्स (दूरचं जवळ आणणारी) लावली, की मागच्या-पुढच्या माणसांतलं अंतर आटतं. जवळ जाऊन वाइड (रुंद दृश्य घेणारी) लावली, की तेच अंतर पसरतं. अंगणातले भाऊ उभे होते तिथंच उभे राहिले, तरी पहिल्या भागात जवळचे वाटतात आणि दुसऱ्या भागात परके.

आणि आईची उंची! ती विळीवर बसलेली असताना कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा, म्हणालात. उभ्या मुलांचे चेहरे वरच्या कडेला कापले गेले, दिसले ते फक्त पाय. चेहरा दाखवायचा तर मुलाला खाली बसावं लागेल. धाकटा बसतो. माझ्या मते आमच्या फिल्ममधला सर्वांत चांगला क्षण तोच.

फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांसमोर तुम्ही आम्हाला उभं केलंत. दागिने, वस्त्रं सोडा, फक्त नजरा बघा, कोण कुणाकडे पाहतंय आणि कोण पाहत नाहीये. तिथून परतताना रस्त्यात वडिलांच्या हार घातलेल्या फोटोचा प्रश्न सुटला. फोटो दाखवायचाच नाही. घरातल्या प्रत्येकानं कधी ना कधी चौकटीबाहेरच्या त्याच भिंतीकडे पाहायचं. 'द लंचबॉक्स'मध्ये (2013) वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू एकदाही दिसत नाहीत, आवाज येतो आणि खिडकीतून टोपली उतरते, तरी नायिका इलाचं त्यांच्याशी असलेलं नातं पक्कं बसतं. चौकटीत नसलेल्या माणसाशीही नातं जोडता येतं, यावर माझा तेव्हा विश्वास बसला.

शेवटाबद्दल आपलं एकमत झालं नव्हतं, आठवतंय? भावांनी हात धरावा असं टीममधल्या सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही सत्यजित राय यांच्या 'चारुलता'च्या (1964) शेवटाचा विषय काढलात, जिथे पती-पत्नीचे हात एकमेकांपर्यंत पोचण्याआधीच चित्र गोठतं. आम्ही ते उचललं नाही, पण हातमिळवणीही केली नाही. थोरल्याचा क्लीन शॉट चालू असताना चौकटीच्या कडेला धाकट्याचं कोपर येतं, एवढंच. हा निर्णय घ्यायचं बळ तुमच्यामुळे आलं, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

भर उन्हाळ्यात दुकान बंद ठेवून तुम्ही सेटवर आलात, आणि त्याचा एक पैसाही घेतला नाहीत. युनिटमधली मुलं आता कुठलाही सिनेमा बघताना आधी खांदे शोधतात.

कलर करेक्शन, म्हणजे शॉटचे रंग-उजेड नीट करणं, अजून बाकी आहे. दारातल्या शॉटमध्ये पलीकडचा भाऊ थोडा जास्त काळोखात गेलाय असं मला वाटतं. संकलकाला तो तसाच हवा आहे. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय अंतिम प्रत काढणार नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन येते. काकूंनाही सोबत बसवा, त्यांचं मत मला तितकंच हवं आहे.

तुमची,
लघुपटवाली मुलगी