रेफर केलेल्या पेशंटचं पुढं काय झालं?

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. नाशिकच्या हॉटेलात डॉक्टरांची कॉन्फरन्स आहे, हजेरीचे क्रेडिट पॉइंट मिळतायत, जाऊ का, असं विचारलंयस. सुट्टी मिळत असेल तर खुशाल जा. पॉइंट हवेतच. ५ वर्षांत ३० झाले नाहीत तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करत नाही. फक्त राहण्या-जाण्याचा खर्च कुठली कंपनी करणार असेल तर नाही म्हण. २००९ पासून ते नियमात बसत नाही. आणि नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, पैशानं जेवलेला डॉक्टर त्याचं औषध लिहिताना क्षणभर तरी थबकतो, आणि थबकून ते औषध लिहितोच.

पण वर्षाला ६ पॉइंट जमवणं म्हणजे शिकणं, असं मनात धरू नकोस. तेवढे कुणाचेही होतात. सकाळी सही करायची, मागच्या रांगेत बसून मोबाइल बघायचा, जेवण झालं की सर्टिफिकेट घेऊन सटकायचं. स्टेजवरचा माणूस हुशार असतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो बोलतो डायबिटीसच्या नव्या महागड्या इंजेक्शनवर, आणि आपल्या ओपीडीत बसलेल्या माणसाला मेटफॉर्मिनचा महिन्याचा खर्चही जड जातो. खोकला, ताप, चक्कर, कंबरदुखी यांवर बोलायला कुणी येत नाही, कारण त्यातून कुणाचा धंदा होत नाही. निवड करायचीच असेल तर जिथं हातानं करून बघायला मिळतं तिथं जा. पुतळ्यावर सीपीआर, अंबू बॅगनं, म्हणजे तोंडावर धरून हातानं दाबायच्या पिशवीनं, श्वास देणं, बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणं, ईसीजीच्या पट्ट्या पुढ्यात ठेवून वाचणं. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या आमच्या शाखेत महिन्यातून एकदा वडापाव खाऊन आम्ही दहा-बारा जण आपापल्या केसेस सांगतो. त्याचे पॉइंट मिळोत न मिळोत, मी चुकवत नाही.

आता मूळ मुद्दा. तू मेडिकल कॉलेजात होतीस तेव्हा पेशंटचा शेवट तुला दिसायचा. रात्री अ‍ॅडमिट झालेल्याचा सीटी सकाळी राउंडला समोर यायचा आणि आपण काय समजलो होतो, निघालं काय, ते तिथल्या तिथं कळायचं. तुझ्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा आपल्यासारख्या दवाखान्यात तसं होत नाही. पेशंट येतो, आपण काहीतरी ठरवतो, औषध देतो किंवा पुढं पाठवतो, आणि मग तो गायब. बरा झाला म्हणून आला नाही, की दुसऱ्या डॉक्टरकडं गेला म्हणून? जिल्ह्याला पाठवलेल्याचं निदान काय झालं? शेवटची पानं फाडलेल्या रहस्यकथा आपण दिवसाला पन्नास वाचतो, आणि वर्षानुवर्षं वाचून आपल्याला खुनी ओळखता येतो असं समजून बसतो. जीपीचं, म्हणजे आपल्यासारख्या साध्या डॉक्टरचं, शिक्षण थांबतं ते इथं.

काउंटरच्या खणातली माझी लांब वही तू लहानपणापासून बघत आलीस. तिच्यावर चित्रं काढल्याबद्दल मारही खाल्लायस. तिच्यात तारीख, नाव, गाव, फोन, मला काय वाटलं, कुठं पाठवलं, आणि शेवटचा रकाना मोकळा. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा मी फोन लावत बसते, आधी नातेवाइकांना, मग तिथल्या डॉक्टरांना. तूही अशी वही कर, आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळ. ‘मला काय वाटलं’ हा रकाना पेशंट दारातून बाहेर पडायच्या आत भरायचा, पेननं. ‘पोटदुखी, पुढील तपासणीसाठी’ असलं गुळमुळीत लिहायचं नाही. अपेंडिक्स वाटतंय तर अपेंडिक्स लिही. उत्तर कळल्यावर प्रत्येकालाच वाटतं की मला तेच वाटत होतं.

एक उदाहरण देते. एक आजी छातीच्या खाली, बेंबीच्या वर दुखतंय म्हणून आल्या. घाम, मळमळ, घरच्यांच्या मते पित्त. ईसीजीत टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेलं, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, बीपी बरं होतं, गाडीत बसवून रवाना केलं. गुरुवारी तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला तेव्हा कळलं की पोचेपर्यंत बीपी पार खाली आलं होतं. वाटेत शेजाऱ्यानं खिशातली सॉर्बिट्रेट आजींच्या जिभेखाली ठेवली होती. खालच्या भागाच्या अटॅकमध्ये कधीकधी हृदयाचा खालचा उजवा कप्पा, उजवं वेंट्रिकलही सापडतं, आणि तसं असलं की सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटनं बीपी कोसळतं. हे पुस्तकात मी वाचलं होतं, तूही वाचलंयस. पण त्या फोननंतर अशी पट्टी दिसली की छातीचा चौथा लीड उजवीकडं लावून व्ही-फोर-आर काढायची सवय लागली, आणि वाटेत जिभेखाली काही ठेवू नका हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायचीही. आजी वाचल्या, अजून येतात, आणि अजून पित्तच होतं म्हणतात.

तुझ्याकडं आता पावसाळा आहे म्हणून सापाचं जरा सविस्तर लिहिते. आमच्या रत्नागिरीकडं फुरसं फार, त्याचं विष रक्त गोठू देत नाही, त्यामुळं २० मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट माझ्या हातात बसलेली आहे. ती दिसायला सोपी आहे आणि तितकीच सहज बिघडते. ट्यूब काचेचीच हवी, नवी, कोरडी. प्लॅस्टिकची चालत नाही, आणि सिस्टरनं साबणानं धुऊन ठेवलेलीही नाही. दोन्हींत चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि निष्कारण अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, दिलं जातं. २ मिली रक्त घालायचं, ट्यूब उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. पाचव्या मिनिटाला हलवून बघायचा मोह वॉर्डबॉयला हमखास होतो, म्हणून मी ट्यूब माझ्या टेबलावरच ठेवते. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात आहे. अँटिव्हेनमच्या ८ ते १० बाटल्या, मूल असलं तरी तेवढ्याच, कारण सापानं मुलाला कमी विष दिलेलं नसतं. आणि त्याची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून बाटली फोडायच्या आधी अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून तयार.

पण ही टेस्ट घोणस आणि फुरशासाठी. मण्यार चावली असेल तर रक्त छान गोठतं आणि आपण गाफील राहतो. पहाटे कुणी पोटात कळ येते म्हणून आलं, जमिनीवर झोपलं होतं असं कळलं, तर अंगावर चाव्याची खूण शोधत वेळ घालवू नकोस, बहुतेक वेळा ती सापडत नाही. वर बघायला सांग. पापण्या जड वाटतायत का, गिळता येतंय का, मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, ते बघ. मण्यारीचा लकवा एकदा बसला की अँटिव्हेनमनं तो उलटत नाही, माणूस वाचतो तो कुणीतरी श्वास देत राहिलं म्हणून. अशा पेशंटबरोबर गाडीत अंबू बॅग दाबू शकणारा माणूस हवा. नुसती बॅग गाडीत असून भागत नाही. ड्रायव्हर आणि सिस्टरला एका रिकाम्या दुपारी शिकवून ठेव.

लहान मुलांबद्दल एकच. श्वास मोज. पूर्ण मिनिट, मूल आईच्या मांडीवर शांत असताना, झबलं वर करून. २ महिन्यांच्या आतलं असेल तर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, पुढं ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान श्वास. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानं गडचिरोलीत निरक्षर दायांनाही हे जमावं म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र केलं, आणि त्या कामातून बालमृत्यू कमी झाल्याचं १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपण एमबीबीएस, म्हणून स्टेथो लावतो आणि ‘छाती भरलीये’ म्हणून मोकळे होतो. मनगटावर घड्याळ आहे ना? अंदाजानं लिहिलेला ‘२४’ हा आकडा मी इतक्या केसपेपरवर बघितलाय की महाराष्ट्रातली सगळी मुलं एका तालात श्वास घेतात असं वाटावं.

बीपी घेताना पेशंटला पाच मिनिटं बसव, कफ दंडाच्या मापाचा घे, आणि बोलू देऊ नकोस. बाकी तुला येतं.

तू म्हणतेस, पीएचसीत राहून मागं पडल्यासारखं वाटतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर याच प्रकारची सरकारी नोकरी करत होते. लाल विंचू चावलेली पोरं घाम, उलट्या, थंड हातपाय घेऊन यायची आणि फुप्फुसात पाणी भरून जायची. त्यांनी त्या पेशंटांजवळ रात्र-रात्र बसून नाडी, बीपी, लक्षणं लिहून काढली. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढं प्रॅझोसिन हे बीपीचं स्वस्त औषध त्यांनी या विषावर वापरून दाखवलं, आणि २०११ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, विंचवाचं अँटिव्हेनम जोडीला दिलं तर माणूस आणखी लवकर सावरतो हेही तिथल्याच पेशंटांवर अभ्यासून ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. मला यात शोधापेक्षा ती तीस वर्षं मोठी वाटतात. आपलं उत्तर सापडल्यावरही ते पुन्हा तपासत राहिले. तू बावस्कर व्हावंस असं मी म्हणत नाही, रात्री जेवत जा आणि झोपत जा. पण तुझ्या तालुक्यात जे दिसतं ते नाशिकच्या हॉटेलात दिसत नाही.

पीजीबद्दल, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाबद्दल, बाबांचं आणि माझं जमत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांना रेडिऑलॉजी हवी. माझं मत विचारशील तर फॅमिली मेडिसिनचं डीएनबी (एक पदव्युत्तर पदवी) नीट चौकशी करून बघ, त्यात सगळ्या विभागांत फिरवतात आणि ते लोकांना वाटतं तसं दुय्यम नाही. नोकरी सोडायची नसेल तर वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजचा फॅमिली मेडिसिनचा दूरशिक्षण डिप्लोमा आहे, तोही विचारात घे. सरकारी सेवेचा बॉन्ड संपेपर्यंत घाई नाही.

काचेच्या ट्यूबा तिकडं मिळत नसतील तर कळव, कुरिअर करते. किती लागतात तेवढं सांग.

तुझी,
आई